चौथीच्या बाईंनी पालकांना बाकावर बसवलं

आमच्या शाळेत चौथीला शिकवणाऱ्या बाई बुटक्या आहेत. त्यांचा हात फळ्याच्या मध्यापर्यंतच पोचतो. वरच्या अर्ध्या फळ्यावर त्या कधी लिहीत नाहीत. तिथे मुलं खुर्चीवर चढून चित्रं काढतात. बाई ती पुसत नाहीत. "माझा मजला खालचा," म्हणतात.

आवाज मात्र तीन मजले जातो. खाली दुसरीच्या वर्गात मी शिकवत असते तेव्हा वरून बाईंचे पाढे ऐकू येतात, आणि माझी मुलं आपोआप त्यांच्यामागे म्हणायला लागतात. माझ्या मुलांना सतराचा पाढा येतो. त्याचं श्रेय मला मिळालं. मी घेतलं.

मी गेल्या वर्षी या शाळेत लागले. वाङ्मयाची पदवी घेतली होती आणि पुढे काय करायचं ते माहीत नव्हतं. पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं, "काय शिकलीस?" मी सांगितलं.

"म्हणजे गोष्टी वाचल्यास."

"हो."

"बरं झालं. इथे ऐकायलाही मिळतील."

तेव्हापासून त्या मला पदवीधर म्हणतात. सगळ्यांसमोर म्हणतात. शिपाईकाकाही आता तेच म्हणतात.

बाईंच्या यजमानांची बेकरी आहे. घर बेकरीच्या डोक्यावर. दोन खोल्या, एक गॅलरी. खाली भट्टी असल्यामुळे फरशी कायम कोमट असते. थंडीत बाईंकडे पाहुणे वाढतात. "माझ्यासाठी येत नाहीत गं. फरशीसाठी येतात," असं त्या पाहुण्यांच्या तोंडावर सांगतात, आणि पाहुणे पाय पसरून बसतात.

सहामाही चाचणीचा निकाल लागला त्या संध्याकाळी मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेले. जिन्यावर रांग होती. मला वाटलं, पावासाठी असेल. पण पावाची रांग खाली होती, आणि ती लहान होती.

"निकालाच्या दिवशी माझ्यापेक्षा हिच्याकडे गिऱ्हाईक जास्त," बाईंचे यजमान, म्हणजे काका, गल्ल्यावरून म्हणाले. "जा वर. पदवीधर म्हण, मध्ये घुसू देतील."

वर सगळे चौथीचे पालक. प्रत्येकाच्या हातात प्रगतिपुस्तक. आमच्या शाळेने मार्क बंद केलेत. आता अक्षरं देतात. अ, ब, क, ड. मुलांवरचा ताण कमी व्हावा म्हणून. तो पालकांवर गेला. मार्क होते तेव्हा निदान वजाबाकी करता यायची, शेजारच्या मुलाशी. अक्षरांची वजाबाकी करता येत नाही.

दातांच्या दवाखान्यात भेटीच्या वेळा देणारी एक आई सगळ्यांच्या पुढे होती. तिने अक्षरांचा अर्थ स्वतःच लावून आणला होता.

"बाई, अ म्हणजे अप्रतिम. ब म्हणजे बरा. क म्हणजे कठीण. बरोबर?"

"आणि ड?"

"डब्बा," मागून कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. ड मिळालेल्या मुलाचे आजोबा हसले नाहीत.

बाईंनी आजोबांना पुढे बोलावलं आणि खुर्ची दिली. नातवाला वाचता येतं, पण मोठ्याने वाचायचं म्हटलं की तो गप्प बसतो, तोंडी परीक्षेत गप्पच बसला, म्हणून ड, असं त्यांना सांगितलं. "घरी तो कोणाला वाचून दाखवतो?"

"कोणालाच नाही."

"तुम्हाला दाखवू दे. चष्मा हरवलाय म्हणा."

आजोबा विचार करत उठले. जिना उतरताना त्यांनी चष्मा खिशात टाकला. मी पाहिलं.

तेवढ्यात ड्रायव्हर आला.

तो शहर बस चालवतो. डेपोतून थेट आला होता, खाकी शर्टावर. त्याची मुलगी चौथीत आहे. तिला सगळी शाळा कंडक्टर म्हणते. मधल्या सुट्टीत नळावर रांग लावायचं काम तिने स्वतःकडे घेतलंय. "पुढे सरका, पुढे सरका, मागे खूप जागा आहे," असं ओरडत असते. मागे भिंत असते.

कंडक्टरला गणितात क मिळाला होता.

ड्रायव्हरने प्रगतिपुस्तक बाईंसमोर ठेवलं. "बाई, मी काही विचारायला आलो नाही. सांगायला आलोय. पोरीला माझ्या बहिणीकडे पाठवतोय. सुट्टी संपली की तिकडच्या शाळेत."

बहीण दुसऱ्या गावी राहते. शिकवण्या घेते. तिच्या हाताखालची मुलं पहाटे उठतात आणि पडल्या पडल्या वर्गमुळं सांगतात, अशी ख्याती आहे. तिच्या क्लासच्या मुलांना मी एकदा एका स्पर्धेत पाहिलं होतं. ती खुर्चीच्या कडेवर बसतात.

ड्रायव्हरची बायको दारात उभी होती. ती लाँड्रीत कामाला आहे. "विचारा बाई त्यांना. नऊ वर्षांची पोर. माझ्यापासून लांब ठेवणार. एका अक्षरासाठी."

"अक्षरासाठी नाही. गणितासाठी."

"तुम्हाला कुठे येतं गणित? दूधवाल्याचा हिशोब मी करते."

"म्हणूनच तिला यायला हवं!"

तिचे डोळे भरून आले होते, पण एवढ्या लोकांसमोर तिला रडायचं नव्हतं. ती गॅलरीत जाऊन उभी राहिली.

बाई म्हणाल्या, "तिचा पेपर बघितलात?"

"पेपर काय बघायचा? निकाल बघितला की."

"क म्हणजे तिला गणित येत नाही असं नाही हो. या पेपरात काही ठिकाणी—"

"बाई, गाडी चालू तरी असते नाहीतर बंद तरी. काही ठिकाणी चालू, असं नसतं."

बाईंनी आणखी एकदा सांगून पाहिलं. मग थोडं वेगळ्या शब्दांत. मग कागदावर चौकोन काढून. ड्रायव्हर मान हलवत होता. समजल्याची नव्हती ती मान, आदराची होती. बहिणीला फोन झाला होता. तिने हो म्हटलं होतं. तिला नाही सांगणं याच्या हातात नव्हतं. ती मोठी होती आणि लहानपणी तिने याला कडेवर घेऊन फिरवलं होतं.

"जायच्या आधी एक काम करा," बाई शेवटी म्हणाल्या. "शनिवारी सकाळी शाळेत या. सगळेच या. पेन्सिल आणा."

"मुलांना आणायचं?"

"खेळायला आणा. पेपर तुम्ही देणार आहात."



रात्री मला सोडायला बाई कोपऱ्यापर्यंत आल्या. अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढून त्या वाटेतल्या प्रत्येक लोखंडी कठड्यावरून फिरवत होत्या. टरर्र आवाज येत होता. छप्पन्न वर्षांच्या बाई. 

"मी चौथीत नापास झाले होते," त्या म्हणाल्या. "गणितात."

मी थांबले.

"चाल गं, थंडी आहे. आमचे वडील नळ दुरुस्त करायचे. शाळेत आले. गुरुजींना म्हणाले, 'नक्की कुठे गळतंय तेवढं सांगा. मी बघतो.' गुरुजी म्हणाले, 'नापास आहे.' वडील म्हणाले, 'ते कळलं. पण कुठे गळतंय?' गुरुजी म्हणाले, 'नापास म्हणजे नापास.' वडील घरी येऊन आईला म्हणाले, 'हा माणूस एका वॉशरसाठी सगळी पाइपलाइन उखडायला सांगतोय.'"

"मग?"

"उखडली. पुन्हा चौथीत बसले. मला फक्त हातच्याची वजाबाकी येत नव्हती. बाकी सगळं येत होतं. दुसऱ्या वर्षीच्या बाईंनी एका दुपारी शिकवली." टरर्र. "एका दुपारचं काम होतं."

एवढंच सांगून त्या वळल्या. मी कोपऱ्यावर बराच वेळ उभी होते. पदवीच्या सगळ्या वर्षांत मला इतकी सरळ सांगितलेली गोष्ट भेटली नव्हती.

मुख्याध्यापकांना शुक्रवारी कळलं. ते पळत आमच्या खोलीत आले.

"बाई, ते पालक आहेत! पालकांची परीक्षा घेतात का कुठे?"

"तुमचीही घेते. या."

"मला शनिवारी काम आहे."

"मग पालकांची घेते."

शनिवारी पालक आले. चौथीच्या बाकांवर बसले. गुडघे छातीशी. दवाखान्यातली आई ठेवणीतली साडी नेसून आली होती. आजोबा सर्वात पुढच्या बाकावर, त्यांना तिथेच बसायचं होतं. ड्रायव्हर शेवटच्या बाकावर, खिडकीशी. त्याची बायको बाहेर व्हरांड्यात. "एका घरातून एकच पुरे," ती म्हणाली. खाली मैदानात मुलं आरडाओरडा करत होती. त्यांच्या आईबापांची परीक्षा आहे हे त्यांना कळलं होतं. इतका आनंद मी त्या मैदानात पूर्वी पाहिला नव्हता.

बाईंनी मुलांचाच पेपर वाटला. अर्ध्या पेपरात नुसती गणितं होती. अर्ध्यात शाब्दिक उदाहरणं. लक्ष ठेवायचं काम माझ्याकडे होतं.

पाच मिनिटांत वर्ग बदलला. दवाखान्यातल्या आईने उत्तरांवर हात आडवा धरला. तिच्या शेजारचा शिंपी तिच्या हाताखालून बघत होता. मी त्याच्याकडे बघितलं तेव्हा तो छताकडे बघायला लागला. आजोबांनी बोट वर करून बाहेर जायची परवानगी मागितली. गेले, आले, आणि बसताना शिंप्याला हळूच काहीतरी विचारलं. मी "बोलायचं नाही" म्हटलं. माझ्या दुप्पट-तिप्पट वयाची माणसं. गप्प झाली. मला घाम आला.

ड्रायव्हर पेन्सिलीचं टोक चावत होता. बेरजा-वजाबाक्या त्याने भराभर सोडवल्या. उदाहरणांशी आल्यावर तर त्याचा चेहराच उजळला. मान डोलावत लिहीत सुटला.

बाईंनी पेपर तिथल्या तिथे तपासले. मग प्रत्येकाच्या बाकावर एक चिठ्ठी ठेवली. चिठ्ठीवर फक्त एक अक्षर. आणि टेबलाशी जाऊन हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.



"ब?" दवाखान्यातली आई म्हणाली. "मला ब कशाला?"

"बरा म्हणजे," शेजारून शिंपी म्हणाला. त्यालाही ब होता. साहजिकच.

"माझं सगळं बरोबर आहे! मी दोनदा बघितलं!"

"मला तर अ आहे," आजोबा सगळ्यांना दाखवत म्हणाले. "बघा. अ. बघा की."

शेवटच्या बाकावरून ड्रायव्हर उठला. उठताना बाक त्याच्यासोबत उठला. तो गुडघ्यात अडकला होता. "क? बाई, हे चुकून माझ्याकडे आलंय."

"तुमचंच आहे."

"शक्य नाही! बावीस वर्षं गाडी चालवतोय. सगळी गणितं माझ्या धंद्यातली आहेत. काय चुकलंय? पेपर दाखवा माझा!"

"हो, पेपर दाखवा," दवाखान्यातली आई म्हणाली. "नुसतं अक्षर काय द्यायचं? त्यावरून काय कळणार माणसाला?"

"पेपर! पेपर!" शिंपीही ओरडला, जरी त्याच्या फायद्याचं नव्हतं.

बाई म्हणाल्या, "बुधवारपासून मी तुमच्या मुलांचे पेपर घेऊन बसलेय. एकानेही मागितला नाही."

गलका थांबला. मैदानातला आवाज तेवढा वर येत होता. दवाखान्यातली आई हळूच खाली बसली.

मग बाईंनी पेपर वाटले. प्रत्येक बाकावर दोन. एक मोठ्यांचा, एक मुलाचा. ड्रायव्हरच्या बाकाशी त्या स्वतः गेल्या. मीही गेले.

"नुसती गणितं सगळी बरोबर," बाई म्हणाल्या. "तुमचीही, तिचीही. आता उदाहरणं बघा. एका बसमध्ये चाळीस जण बसतात. पंच्याण्णव जणांना न्यायला किती बस लागतील? तुम्ही काय लिहिलंय?"

"दोन."

"तीन."

"तीन?" ड्रायव्हर हसला. "बाई, पंधरा माणसांसाठी तिसरी गाडी? डेपोमॅनेजर मला घरी पाठवेल. सात इकडे उभे, आठ तिकडे. झालं."

"उभे राहतात असं पेपरात लिहिलंय?"

"लिहायला कशाला हवं? राहतातच."

"पुढचं. बस आठला निघते. प्रवास दीड तासाचा. किती वाजता पोहोचेल?"

"पावणेदहा."

"साडेनऊ."

"आणि रेल्वेचं फाटक? साडेनऊला पोहोचणारा ड्रायव्हर मला दाखवा. मी त्याच्या पाया पडतो."

आजूबाजूचे पालक वळून ऐकायला लागले होते. बाईंनी दुसरा पेपर त्याच्यापुढे सरकवला. मुलीचा. वेडंवाकडं, ठाशीव अक्षर. पंच्याण्णव जणांपुढे लिहिलं होतं, "दोन. सात आणि आठ उभे." प्रवासापुढे लिहिलं होतं, "पावणेदहा. वाटेत फाटक आहे."

ड्रायव्हरने वाचलं. मग स्वतःचा पेपर वाचला. मग पुन्हा तिचा. त्याच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला नीट सांगता येत नाही. आधी लाज वाटली असावी. पण ती फार टिकली नाही. कान लाल झाले, आणि मग तो असा हसला की व्हरांड्यातून त्याची बायको आत आली.

"काय झालं?"

"फाटक," तो म्हणाला. त्याला पुढे बोलता येईना. त्याने दोन्ही पेपर तिच्या हातात दिले.

तिने वाचले. "दोघं एकाच मुशीतले," ती म्हणाली. "मी काय सांगत होते?" ती हे सांगत नव्हती, पण कोणी दुरुस्त केलं नाही.

"म्हणजे तिचं बरोबरच आहे!" ड्रायव्हर म्हणाला. "बाई, मार्क वाढवा."

"अजिबात नाही. चूक ती चूक."

"अहो, रस्त्यावर हेच खरं आहे!"

"रस्त्यावर. पेपरात जेवढं दिलंय तेवढंच धरायचं. तिला भागाकार येतो. वेळ मोजता येते. सगळं येतं. फक्त प्रश्नात नसलेली माणसं ती गाडीत चढवते." बाई बाकाच्या कडेवर टेकल्या. "चूक माझीही आहे. सगळीच उदाहरणं प्रवासाची काढली. बागेतली, बटणांची काढली असती तर तिला अ मिळाला असता, आणि हे मला कळलंच नसतं. आता सांगा. प्रश्न दोनदा वाचायचा, आपल्या घरचं त्यात घालायचं नाही. एवढं शिकवायला तिला आईपासून लांब पाठवायचं?"

 ड्रायव्हर खिडकीतून खाली बघत होता. मैदानात कंडक्टर घसरगुंडीपाशी रांग लावत होती.

"ताईला काय सांगू?" तो म्हणाला.

एवढा दांडगा माणूस, पण ते विचारताना त्याचा आवाज चौथीतल्या मुलासारखा झाला. वर्गात कोणी हसलं नाही. प्रत्येकाची कोणीतरी ताई होतीच.

"आहे ते सांगा," बाई म्हणाल्या.

"आत्ता?"

"आत्ता लावा," बायको म्हणाली. "घरी गेल्यावर तुम्ही लावणार नाही. मी ओळखते तुम्हाला."

त्याने फोन व्हरांड्यात नेला. पण ताईंचा आवाज मोठा होता. आम्हाला सगळं ऐकू आलं, आणि ऐकू येत नसल्यासारखं दाखवायला सगळे पालक एकदम आपापले पेपर वाचायला लागले.

"ताई, पोरीला नाही पाठवत... नाही, रागावून नाही... अगं, क मिळालाय हे खरं, पण क म्हणजे... ऐक तरी... क मलापण मिळालाय."

 पलीकडून आलं, "तू परीक्षा कशाला दिलीस?"

"दिली. सगळ्यांनी दिली." तो सांगत गेला. चाळीस माणसं, पंच्याण्णव माणसं, फाटक. सांगता सांगता त्याचा आवाज मोठा झाला. पोरीचं उत्तर त्याने अक्षर न् अक्षर म्हणून दाखवलं. शेवटी थांबला. "तर असं आहे. तिला इथेच शिकवतो. मी आणि बाई. वाईट वाटून घेऊ नको."

पलीकडे ताई म्हणाल्या, "पंच्याण्णव भागिले चाळीस. तीनच येणार. दोन कसं लिहिलंस गाढवा?"

"अगं, पण उभे—"

"आणि तिचंही तेच? अगदी तेच?" आता ताई हसत होत्या. तो आवाज त्याच्या ओळखीचा नसावा, कारण त्याने फोन कानापासून लांब धरून त्याच्याकडे बघितलं. "ठेव तिला तिथेच. दिवाळं काढाल दोघं माझ्या क्लासचं. पण रोज पाच उदाहरणं सोडवून घ्यायची. आणि तूही सोडवायचीस. मला फोनवर उत्तरं सांगायचीस."

"मी कशाला?"

"क तुला मिळालाय."

तो आत आला. बायकोकडे बघून त्याने नुसती मान हलवली. तिने पदर तोंडाला लावला, आणि मग, बहुतेक दुसरं काही सुचेना म्हणून, पुढच्या बाकावरचे पेपर गोळा करायला लागली.

सगळे गेल्यावर मी बाईंना विचारलं, "तो तेच लिहील हे तुम्हाला माहीत होतं?"

"अंदाज होता."

"आणि नसतं लिहिलं तर?"

"तर दुसरं काहीतरी केलं असतं." त्यांनी खिडक्या लावायला घेतल्या. वरच्या कड्यांना त्यांचा हात पोचत नाही. मी लावल्या.

दार लावून आम्ही जिन्याशी आलो तर ड्रायव्हर परत वर येत होता. दोन-दोन पायऱ्या एका दमात. हातात त्याचा पेपर.

"बाई, पोरीचं राहू दे. ते मान्य. पण माझं हे पाचवं बघा. यात फाटक नाही, उभे नाहीत. स्टॉपवर सहा चढले, चार उतरले. मी आठ चढले असं धरलंय."

"सहा चढले असं दिलंय."

"दिलंय हो. पण त्या स्टॉपवर कॉलेज आहे."

बाईंनी पेपर घेतला, उघडला, बघितला आणि त्याला परत दिला.

"आहे," त्या म्हणाल्या. "पण मार्क मिळणार नाहीत."

तो आमच्याबरोबर खाली उतरला, आणि शाळेच्या फाटकापर्यंत आम्हाला त्या कॉलेजच्या सुटायच्या वेळा समजावून सांगत होता.